क्षमेचा अधिकार

पुण्याच्या क्वार्टर गेटापाशी, नाना पेठेच्या कडेला, कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे एक जुने प्रार्थनामंदिर आहे. त्यास सर्व लोक सिटी चर्च म्हणतात. त्याची जागा सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, पेशवे सरकारने दिली. फौजेत चाकरीस असलेल्या ख्रिस्ती लोकांची उपासनेची सोय व्हावी, हा त्यातील हेतू. आदल्याच साली याच शहरातील जमावाने घाशीराम कोतवालास दगडांनी ठेचून मारले होते. वर्षभराच्या अंतराने एकाच शहराच्या हातून इतकी भिन्न कृत्ये होतात हे पाहिले म्हणजे 'पुणेकरांचा स्वभाव' या विषयावर छातीठोकपणे बोलणाऱ्यांची मौज वाटते. असो.

आम्ही या वास्तूवरून गेली वीस-पंचवीस वर्षे जात-येत आहो. आत पाऊल मात्र कधी टाकले नव्हते. गेल्या फाल्गुनात तो योग आला. आमचे एक वृद्ध स्नेही आहेत. मूळचे वसईकडील, शाळामास्तरकी करून निवृत्त झालेले, मराठी व्याकरणाविषयी आमच्याहून अधिक कडक. त्यांच्या पंथाचा उपवासकाळ चालू होता. हा काळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वापरलेल्या झावळ्या जाळून केलेली राख त्या दिवशी प्रत्येकाच्या कपाळी लावतात, आणि तू माती आहेस व मातीस मिळणार आहेस याची आठवण देतात. भस्माचा हा संस्कार आपल्यास परका वाटण्याचे काहीच कारण नाही. त्यानंतरच्या एका शुक्रवारी 'क्रुसाची वाट' नावाची प्रार्थना असते, तीस आमचे स्नेही आम्हांस घेऊन गेले.

प्रार्थनेच्या आधी आम्ही दाराशेजारचा सूचनाफलक वाचीत उभे होतो. मराठी, इंग्रजी अशा एकाहून अधिक भाषांतील मिस्सांच्या वेळा, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, आणि लवकरच विवाहबद्ध होणाऱ्या वधूवरांची नावे. ही नावे जाहीर करण्याचा हेतू असा की, त्या विवाहास कोणती बाधा कोणास ठाऊक असल्यास त्याने वेळीच येऊन सांगावे. म्हणजे माणसाचा विवाह ही सर्व धर्मग्रामाने जाणण्याची गोष्ट. त्या फलकापासून दहा पावलांवर लाकडी जाळीची एक अरुंद पेटी होती, आणि तिच्यापुढे रांग. तेथे माणसाचे पाप एका कानाखेरीज कोणासही कळू नये अशी व्यवस्था. हा शेजार आम्हांस विचार करण्याजोगा वाटला.

रांगेत एक महाविद्यालयीन मुलगी होती, हाताचे वंगण नीट न निघालेला एक कारागीर होता, एक म्हातारी होती, आणि ज्यांस आम्ही बँकेत अनेकदा पाहिले आहे असे एक गृहस्थ होते. ते आम्हांस पाहून किंचित हसले. आम्हीच ओशाळलो. कोणी पेटीत दोन मिनिटे होते, कोणी दहा. बाहेर आल्यावर प्रत्येक जण बाकावर जाऊन गुडघे टेकी. चेहऱ्यांवर आम्हांस दिव्य असे काही दिसले नाही. दाताचा दवाखाना आटोपून आलेल्या माणसाच्या मुद्रेवर जो साधा सुटकेचा भाव असतो, तेवढाच दिसला.

या विधीस पापनिवेदन म्हणतात. गोव्याकडील मंडळी कुमसार म्हणतात. त्याचा इतिहास बराच वळणांचा आहे. पहिल्या काही शतकांत मोठ्या पापाचे प्रायश्चित्त मंडळीसमक्ष करावे लागे, आणि ते बहुधा आयुष्यात एकदाच मिळे. पुढे आयर्लंडातील मठवाशांनी खाजगीत, पुन्हा पुन्हा करता येईल अशा निवेदनाचा प्रघात पाडला, आणि कोणत्या पापास किती दिवसांचा उपवास याच्या याद्या तयार केल्या. या याद्या वाचताना आपल्या स्मृतींतील कृच्छ्र-चांद्रायणांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सन १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा निवेदन करणे प्रत्येकास आवश्यक ठरविले. आणि जाळीची पेटी सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांच्या काळी रूढ झाली. ऐकलेले फोडणाऱ्या धर्मगुरूस बहिष्काराची शिक्षा आहे. आणि ऐकणारासही स्वतःचे पाप दुसऱ्या धर्मगुरूपाशी सांगावे लागते. पोप फ्रान्सिस हे मार्च २०१४ मध्ये रोमच्या सेंट पीटर मंदिरात सर्वांदेखत एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून बसले, त्याचे छायाचित्र पुष्कळांच्या स्मरणात असेल.

आम्ही ज्या शिक्षणात वाढलो त्यात या विधीचा उपहास करण्याची रीत होती. शनिवारी पाप धुवावे आणि सोमवारी नवे करावे, असा तो स्वस्त सौदा आहे, असे आम्ही इंग्रजी ग्रंथांतून शिकलो, आणि ते ग्रंथ बहुधा प्रॉटेस्टंटांचे होते ही गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. आक्षेप अगदीच पोकळ आहे असे नाही. सोळाव्या शतकात पापाच्या दंडाची सूट पैशांनी मिळू लागली तेव्हा लूथर उठला, तो उगीच नव्हे. परंतु विधीचा दुरुपयोग आणि विधीचा अर्थ या दोन गोष्टी आहेत. पश्चात्ताप नसेल आणि पुन्हा तसे न करण्याचा निश्चय नसेल, तर जाळीमागच्याने उच्चारलेली क्षमा लागूच पडत नाही, असे तो पंथ स्वतःच सांगतो.

शिवाय हे केवळ त्यांचेच आहे असेही नाही. मनूने पापमुक्तीचे जे उपाय सांगितले त्यांत ख्यापन, म्हणजे आपले पाप आपल्या तोंडाने बोलून दाखविणे, हा पहिला आहे. अनुताप, तप, अध्ययन हे त्याच्या मागून येतात. भारतरत्न काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ साली निघाला, त्यात या विषयाचा ऊहापोह आहे. लोकांस माहीत झालेल्या पापाचे प्रायश्चित्त परिषदेपुढे, आणि कोणासच न कळलेल्याचे रहस्य-प्रायश्चित्त एकांतात, असे दोन भाग आपल्या शास्त्रकारांनी केले. जैनांचे प्रतिक्रमण आहे, बौद्ध भिक्षूंचा उपोसथ आहे. बोलून दाखविल्यावाचून पाप सुटत नाही, हे माणसास सर्वत्र कळलेले दिसते. मतभेद आहे तो कोणापुढे बोलावे याविषयी. आणि आमच्या मते नीतिशास्त्रातील एक अत्यंत अवघड प्रश्न याच ठिकाणी दडलेला आहे. अपराध एकाचा केला असता क्षमा दुसऱ्याने कशी करावी?

या प्रश्नावर पुण्यात एक मोठा निकाल होऊन गेला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढे रघुनाथरावांनी रामशास्त्री प्रभुण्यांस प्रायश्चित्त विचारले, आणि शास्त्रीबुवांनी देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे सांगून दरबार सोडला, ही कथा प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते. आपण तीत रामशास्त्र्यांचे धैर्य पाहतो, व ते खरेच आहे. पण आणखीही एक गोष्ट तीत आहे. रघुनाथरावांस पश्चात्तापाचे फळ नको होते, गादीवर बसण्याची मोकळीक हवी होती. ज्याने क्षमा करावयाची तो पुतण्या मरून गेला होता. त्याच्या वतीने क्षमा वाटण्याचा अधिकार आपणांस नाही, एवढेच त्या न्यायाधीशाने जाणले. आमच्या कल्पनेने, जाळीमागे रामशास्त्री असते तरी रघुनाथरावांस रिकाम्या हातीच परतावे लागले असते. आणि जाळीमागे एखादा खरा धर्मगुरू असता तर तोही आधी 'घेतलेले टाका' असेच म्हणाला असता.

याच्या अगदी उलट टोकाचा खटला गुरुवार पेठेत घडला. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानास गेलेल्या मंडळींपुढे चहा आला. हे मिशन अँग्लिकन पंथाचे, सिटी चर्चाहून वेगळे. पण अंतराने जवळच. न्यायमूर्ती रानडे, टिळक वगैरे थोर मंडळी हजर होती. गोपाळराव जोशी यांनी नावे प्रसिद्ध करविली आणि पुणे शहर ढवळून निघाले. प्रकरण शंकराचार्यांच्या आयोगापर्यंत गेले; टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, आणि १८९२ मध्ये एका स्नेह्याच्या घरगुती अडचणीखातर रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. तरुण सुधारकांनी त्याबद्दल त्यांस दोष दिला. आता येथे अपराध कोणाचा झाला? चहाच्या पेल्याने कोणाचे काय गेले? ज्याचे नुकसान झाले असा मनुष्य दाखविता येत नाही, आणि तरी क्षमा करणारे शेकड्यांनी पुढे आले. नारायणरावाच्या खटल्यात दुखावलेला मनुष्य होता पण हयात नव्हता. चहाच्या खटल्यात तो मुळी नव्हताच. जेथे अपराध नाही तेथे क्षमेची सर्वांत अधिक घाई, हा समाजाचा नेहमीचा अनुभव आहे.

उरतात ते सामान्य प्रसंग. दुखावलेला मनुष्य आहे, जिवंत आहे, आणि त्याच गावात राहतो. यहुदी लोकांच्या शास्त्राने याविषयी स्वच्छ नियम केला आहे. प्रायश्चित्ताचा जो त्यांचा वार्षिक दिवस, तो देव आणि माणूस यांमधील पापे धुतो. माणसामाणसांमधील पाप, त्या माणसाची समजूत घातल्यावाचून, तो दिवसही धूत नाही. आणि तो मनुष्य मेला असेल तर? मध्ययुगातील त्यांचा थोर स्मृतिकार मायमोनिडीस म्हणतो, दहा माणसे घेऊन त्याच्या थडग्यापाशी जावे आणि त्यांच्यासमक्ष आपला अपराध सांगावा. आमच्या कँपात डेव्हिड ससूनने बांधावयास घेतलेले व १८६७ मध्ये पुरे झालेले लाल देऊळ आहे. त्यावरून जाताना हा नियम आम्हांस अनेकदा आठवला आहे, आणि पाऊल जड झाले आहे. का ते आता सांगणे भाग आहे.

वाचकांच्या लक्षात आले असेल की आम्ही 'आम्ही' म्हणून लिहितो. मासिकांतील ही जुनी रीत. तीत नम्रता आहे असे म्हणतात, आसराही पुष्कळ आहे. त्या शुक्रवारी आमच्या स्नेह्यांनी एक गोष्ट सहज सांगितली. मिस्सेच्या आरंभी सर्व मंडळी मिळून एक अपराधनिवेदन म्हणतात. शेकडो माणसे एका सुरात म्हणतात, पण त्यातील सर्वनाम एकवचनी आहे. स्तुती करताना 'आम्ही' चालते. अपराध कबूल करताना 'मी'. समूहाने कबुली देऊ नये असे मात्र नव्हे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी आपल्या चर्चच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या असहिष्णुतेबद्दल ईश्वरापाशी क्षमा मागितली, आणि १५६० पासून १८१२ पर्यंत गोव्यात चाललेल्या इन्क्विझिशनचा इतिहास जाणणाऱ्यास ती कबुली लहान वाटणार नाही. तरी ज्यांची घरे मोडली ते ती ऐकावयास नव्हते. अनेकवचनी कबुलीस बहुधा उशीर होतो. आम्ही रीत मोडीत नाही, परंतु पुढील मजकुरात 'आम्ही' याचा अर्थ एकच मनुष्य असा घ्यावा.

सुमारे अठ्ठावीस वर्षांपूर्वी आम्ही एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात नवे अध्यापक होतो. वाङ्मय मंडळाची वर्गणी, साडेसातशे रुपये, एका पाकिटात घालून आम्ही टेबलाच्या खणात ठेविली होती. ती नाहीशी झाली. खणाच्या किल्ल्या दोन. एक आमच्यापाशी, दुसरी शिपायापाशी. त्यांस सर्व लोक मामा म्हणत. प्राचार्यांनी विचारले तेव्हा आम्ही मामांवर आळ घेतला नाही. किल्ल्या दोन आहेत आणि त्या कोणाकोणापाशी असतात, एवढेच सांगितले. ते अक्षरशः खरे होते. मामा रोजंदारीवर होते. पुढील महिन्यापासून त्यांस बोलावणे बंद झाले. जाताना ते आमच्या खोलीत आले, किल्ली टेबलावर ठेवली, आणि 'येतो सर' म्हणून गेले.

दोन वर्षांनी आम्ही पुण्यास येण्यासाठी पुस्तके बांधीत असता, बांधणीच्या एका जाड निबंधसंग्रहातून ते पाकीट खाली पडले. आम्हीच त्यात खूण म्हणून घातले असावे. आम्ही काय केले? साडेसातशेचे हजार करून मंडळास 'एका हितचिंतकाकडून' म्हणून पाठवून दिले. पुढे वार्षिक अहवालात त्या अनामिक दात्याचे आभार छापून आले, ते आम्ही वाचले. मामांस मात्र काही कळविले नाही. आज कळवू, उद्या कळवू असे करता करता ते न कळविणे हीच एक स्थिर गोष्ट होऊन बसली.

हे सर्व आम्ही त्या संध्याकाळी चर्चच्या आवारातील बाकावर आमच्या स्नेह्यांस सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि वर्गात विचारावा तसा प्रश्न विचारला, "पैसे परत केलेत, नाव कोणास परत केलेत?"

मग त्यांनी समजावून सांगितले. त्यांच्या पंथात चोरी सांगणाऱ्यास चोरलेले परत करावयास लावतात. तसेच ज्याने दुसऱ्याची अब्रू घेतली त्याने ती परत करावी, आणि होईल तेथवर ज्यांच्यापुढे घेतली त्यांच्यापुढेच करावी, असा दंडक आहे. जाळीपलीकडची क्षमा हे ऋण फेडीत नाही. "पेटीत शिरून सुटता आले असते, तर आम्ही सर्वच सुटलो असतो," असे ते म्हणाले. आम्ही ज्या विधीस स्वस्त समजत आलो तो आमच्या स्वतःच्या व्यवहाराहून बराच महाग निघाला.

चैत्रात आम्ही त्या गावी गेलो. ते प्राचार्य निवर्तले आहेत. मामाही सात वर्षांपूर्वी गेले. त्यांचा मुलगा पिठाची गिरणी चालवितो. गिऱ्हाईक नसलेली दुपारची वेळ पाहून आम्ही त्यास सर्व हकीकत सांगितली. काहीही झाकून ठेविले नाही. आणि खरे सांगावयाचे तर, सांगता सांगता आमची छाती हलकी होत असल्याचे आम्हांस जाणवत होते, व ते सुखकर वाटत होते. तो पट्ट्याकडे पाहत उभा होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आबांनी घरी सांगितलं होतं, कॉलेजातलं काम संपलं म्हणून. चोरीवरून काढलं, हे आज तुमच्याकडून कळतंय."

आम्ही काहीच बोललो नाही.

"तुमचं उतरलं सर," तो म्हणाला, "आता हे मी कुठं ठेवू?"

त्याच्या स्वरात राग नव्हता. खरोखरच जागा विचारावी तसा तो प्रश्न होता. आम्ही आयुष्यभर नीतिशास्त्र शिकविले आहे. सत्यकथन हे निरपवाद कर्तव्य आहे की नाही यावर कांटचे मत, त्यावरील आक्षेप, आक्षेपांची उत्तरे, हे सर्व दर वर्षी फळ्यावर लिहिले आहे. पण सत्य सांगितल्याने ऐकणाऱ्याच्या घरात नवे दुःख उभे राहते तेव्हा ते कोणाच्या खात्यावर मांडावे, याची सोय त्या फळ्यावर केलेली आम्हांस आठवेना. गांधीजींनी लहानपणी चोरीची कबुली लिहून वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी अश्रू ढाळले व चिठ्ठी फाडून टाकली. फाडणारा हयात असला म्हणजे चिठ्ठी फाटते. आमची चिठ्ठी आम्ही भलत्याच माणसाच्या हाती दिली होती. जाळीमागे बसून ऐकणाऱ्या आणि ऐकलेले तेथेच ठेवणाऱ्या माणसाचा उपयोग काय, हे आम्हांस त्या गिरणीत काहीसे उमगले. आणि तो माणूस मामांचे नाव परत देऊ शकत नाही, ही अडचणही तशीच राहिली.

"आईला सांगू नका," मुलगा म्हणाला. मागच्या खोलीत मामांची पत्नी बसली होती. दिसणे बरेच कमी झाले आहे. कोण आले म्हणून तिने विचारले. "कॉलेजातले सर आलेत, आबांच्या ओळखीचे," असे त्याने सांगितले. तिने पदर सावरला, बसावयास सांगितले, आणि सुनेस चहा टाकावयास सांगितला. मामा कॉलेजाविषयी नेहमी चांगले बोलत, असे ती म्हणाली. चहा आला. आम्ही तो घेतला.

मुलगा आम्हांस मोटार-स्थानकापर्यंत पोहोचवावयास आला. वाटेत त्याने दोन गोष्टी मागितल्या. कोठे लिहिले तर नावगाव घालू नये, ही पहिली. ही अट आम्हांस सोयीची आहे हे आम्ही लपवीत नाही. दुसरी अशी की, आम्ही कॉलेजास लेखी द्यावे. तेथे आता आबांस ओळखणारे कोणी नाही हे त्यास ठाऊक होते. "तरी असू द्या," तो म्हणाला.

आम्ही पुढची मोटार सोडली आणि महाविद्यालयात गेलो. कार्यालयातच एका बाकावर बसून पत्र लिहिले. त्यात 'मी' असे लिहिले. खिडकीवरील लेखनिक पंचविशीतला होता. त्याने पत्र उलटसुलट पाहिले, आवक नोंदवहीत क्रमांक घातला, पोचेवर शिक्का मारून दिला, आणि हे कोणत्या फाइलीस लावावयाचे असे आम्हांस विचारले.